शहर पेटलेलं असताना विद्यापीठ काय करतं?

गिरगावकर_नाना
शेजारच्या 'कॅम्पसवर पोलिस' या धाग्यात कोणीतरी विचारलं होतं, की शहरात बंद, दंगल, मोर्चे चालू असताना आपलं मुंबई विद्यापीठ नक्की करतं काय. तिथे उत्तर लांबलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगतो, मी विद्यापीठात नोकरीला नव्हतो. फोर्टातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो आणि अधीक्षक होऊन निवृत्त झालो. विद्यापीठ आम्हाला दिसायचं ते परिपत्रकांतून. तिथे बसून माझं मत असं झालं, की शहरात काहीही घडो, या विद्यापीठाला प्रश्न एकच पडतो: उद्याचा पेपर होणार की नाही?

हा टोमणा समजू नका. जन्मच तसा आहे. १८ जुलै १८५७ ला, उत्तरेत उठाव ऐन भरात असताना, हे विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले, त्यातले २२ पास झाले. स्वतःचे शिकवण्याचे विभाग निघायला पुढचं शतक उजाडलं. समाजशास्त्राचा १९१९ चा, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. म्हणजे साठ वर्षं या विद्यापीठाकडे कचेरी होती, सभागृह होतं, ग्रंथालय होतं, १८७८ पासून राजाबाई टॉवरही होता. बाकावर बसलेला विद्यार्थी मात्र नव्हता. घेराव घालायचा तर कोणी आणि कोणाला?

जागा पाहा. टॉवरपासून फ्लोरा फाउंटन, म्हणजे आताचा हुतात्मा चौक, चालत पाच मिनिटं. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर तिथे गोळीबार झाला, १५ माणसं गेली. पुढे मंत्रालयावर निघालेले मोर्चे पोलिस काळ्या घोड्याला अडवायचे, म्हणजे विद्यापीठाच्या कुंपणालगतच. गिरणी कामगार, शिक्षक, बेस्टवाले, सगळ्यांच्या घोषणा आमच्या ऑफिसात ऐकू यायच्या. तो मोर्चा विद्यापीठावर नसायचा. विद्यापीठ फक्त त्याच्या वाटेत उभं होतं.

आता पेपर पुढे ढकलणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळत नाही. कुलगुरूंनी सही केली आणि झालं, असं वाटतं. प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं केंद्रांवर आधीच पोचलेली असतात. एका केंद्रावर पाकीट फुटलं की तो पेपर सगळीकडे बाद. नवीन काढा, नवीन छापा. म्हणून निर्णय पाकीट फुटायच्या आत व्हायला हवा. विद्यापीठाचा पसारा मुंबईपुरता नाही. ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळं यातच येतं. डोंगरीत संचारबंदी असते, तेव्हा कुडाळला पोरं पेन झटकत केंद्रावर हजर असतात. त्यांना काय सांगायचं? वेस्टर्न चालू आणि हार्बर बंद असेल तर? बोरिवलीचा पोचला, गोवंडीचा नाही पोचला. परीक्षा घेतली तर गोवंडीवर अन्याय, नाही घेतली तर तारीख शोधा. नवी तारीख लॉच्या, बीएडच्या, आणखी कुठल्या पेपरावर येत नाही ना, हॉल मोकळे आहेत ना, तपासणीला मास्तर मिळतील ना. निकाल लांबला की पुढचे प्रवेश लांबले. तेव्हा मोबाइल नव्हते. सकाळच्या पेपरात बातमी आली किंवा रेडिओवर सांगितलं तर ठीक, नाही तर पोरगं येऊन फाटकावरची नोटीस वाचून परत जायचं.

जानेवारी १९९३ मला अजून आठवतो तो हजेरीपटातून. काही विभागांतली मुलं येईनाशी झाली. घर जळालं म्हणून, गावाला निघून गेले म्हणून, बापाने बाहेर पडू दिलं नाही म्हणून. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर आणि जानेवारीतले ९०० मृत्यू नोंदवले. पण त्या काळात शिक्षण सोडलेल्यांची मोजदाद कुठल्या आयोगाने करायची? आमच्याकडे त्यांच्यासाठी रकाना एकच होता, गैरहजर. हजेरी कमी म्हणून टर्म मंजूर नाही, टर्म नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म नाही. आम्ही प्राचार्यांच्या मागे लागून जमतील तेवढ्या टर्म मंजूर करून घेतल्या. जे विचारायलाच आले नाहीत, त्यांचं काही करता आलं नाही.

तुमचे अनुभव लिहा. वर्ष लिहायला विसरू नका.

---

रविवारची_भजी
वाचतेय. नाना, तुमचे लेख म्हणजे पर्वणी.

---

वडाळा_ब्रिज
नाना, लिहिलंय झकास, पण हे सगळं खिडकीच्या आतल्या बाजूने लिहिलंय. बाहेरच्या बाजूनेही थोडं ऐका.

माझे वडील सिद्धार्थ विहारात राहायचे, वडाळ्याला. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग सकाळचे ठेवले, का? कारण पोरं नंतर नोकरीवर जाणार. त्या कॉलेजची आणि त्या वसतिगृहाची पोरं १९७२ ला दलित पँथर या संघटनेत आली. वडील सांगायचे, रात्री एका खोलीत पत्रक लिहिणं चालू, शेजारच्या खोलीत एफवायच्या नोट्स उतरवणं चालू, आणि दोन्हीकडे माणसं तीच. जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीला परळच्या मोर्च्यावर वरून दगड टाकला, त्यात भागवत जाधव गेले. आता त्या वर्षी त्या खोल्यांतल्या पोरांचे पेपर कसे गेले असतील, हे विद्यापीठाने कधी विचारलं?

तुम्ही म्हणता विद्यापीठाला पेपर तेवढाच कळतो. पण आमच्या लोकांनाही पेपर कळत होताच की! दुसरं होतं काय हातात? डिग्री हा एकच कागद असा होता, ज्यावर जात बघून सही करणाऱ्याचाही नाइलाज व्हायचा. म्हणून पेपर पुढे गेला की साहेबांच्या मुलाची सुट्टी वाढायची आणि आमच्याकडे वसतिगृहाची मुदत संपायची, शिष्यवृत्ती अडकायची. एकच परिपत्रक, पण दोन घरांत त्याचे दोन अर्थ.

आणि मराठवाडा विसरू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव केला, आणि त्यानंतर गावंच्या गावं जाळली गेली. प्रत्यक्षात नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून, म्हणजे जुन्या नावाला जोडून. साडेपंधरा वर्षं! मुंबईतून किती पोरं त्या लढ्यात गेली, तुरुंगात बसली. ते आंदोलन पेपरासाठी नव्हतं, विद्यापीठ कोणाचं यासाठी होतं. तुमच्या परीक्षा विभागात त्याला रकाना नव्हता, हे मान्य. पण म्हणून तो प्रश्न विद्यापीठाचा नव्हता असं होत नाही.

---

चिंचपोकळी_पूर्व
वडाळा_ब्रिज, शंभर टक्के.

मी १९८२ ला कॉलेजात होतो. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली. माझा बाप त्यातला. माझ्या वर्गात लालबाग-परळ-भायखळ्याची पोरं भरपूर. कोणी दगड मारला नाही, कोणी बहिष्कार टाकला नाही, कोणी कुलगुरूंच्या नावाने मुर्दाबाद केलं नाही. पहिल्या सत्रात मागच्या बाकावर दाटीवाटीने बसायचो, दुसऱ्या सत्रात ऐसपैस. पोरं हमालीला, वडापावच्या गाडीवर, कोणी गावी, कोणी भलत्याच धंद्यात. काहींनी फॉर्म भरला आणि पेपरला आलेच नाहीत, कारण त्या दिवशीचा रोज बुडाला असता.

मुंबईतली विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी गळती ही असेल असं मला वाटतं, आणि तिला कोणी विद्यार्थी आंदोलनाच्या इतिहासात धरत नाही. प्रशासनाला जाग यायला आवाज लागतो. आमचा आवाजच झाला नाही.

मी स्वतः नंतर रात्र कॉलेजातून पूर्ण केलं. ते कॉलेज चालवणाऱ्यांचे उपकार आहेत.

---

खवट_मास्तर
सगळ्यांचे अश्रू पुसून झाले असतील तर थोडं अप्रिय बोलतो.

तीस वर्षं शिकवलं, शेकडो ब्लॉकवर सुपरव्हिजन केलं. आंदोलन करणारा नेता स्वतः नापास झालेला मी फार कमी पाहिला. त्याला नोट्स मिळतात, मास्तर घाबरतात, बाप सांभाळतो. भरडला जातो तो ज्याला घोषणाही देता येत नाहीत आणि घरीही बसता येत नाही. चिंचपोकळीवाले, तुमचीच पोरं. म्हणून कुलगुरू 'पेपर वेळेवर होणार' म्हणून अडून बसला की तुम्ही त्याला सरकारचा माणूस म्हणता, मला तो गरिबाचा माणूस वाटतो.

आणि नाना, परीक्षेला हात घालतात ते फक्त विद्यार्थी नाहीत, हेही लिहा की. २०१३ ला आम्ही प्राध्यापकांनीच राज्यभर परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. फेब्रुवारीत सुरू झाला, मे उजाडला संपायला. मागण्या रास्त होत्या, मी त्यात होतो. पण संघटनेला तरी दुसरं कुठलं हत्यार सापडलं? वर्ग घेतले नाहीत तर मंत्रालयात कोणाची झोप उडत नाही. पेपर तपासले नाहीत की दुसऱ्या दिवशी बैठक लागते. यंत्राचं एकच बटण चालतं हे सगळ्यांना पाठ झालंय.

---

न्यूजर्सी_तात्या
इकडची बाजू थोडक्यात टाकतो, तुलनेसाठी. (हलकेच घ्या, 'आमच्याकडे असं नसतं' म्हणायला आलेलो नाही.)

बाबासाहेब शिकले ते न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. एप्रिल १९६८. विद्यापीठाला शेजारच्या सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायची होती आणि खाली हार्लेमच्या कृष्णवर्णीयांची वस्ती. शिवाय व्हिएतनाम युद्धाशी जोडलेल्या संशोधन संस्थेशी विद्यापीठाचे संबंध. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून त्याच महिन्याच्या सुरुवातीला झालेला, शहरं पेटलेली. पोरांनी इमारती ताब्यात घेतल्या. आठवडाभर वाटाघाटी, मग ३० एप्रिलच्या पहाटे अध्यक्ष ग्रेसन कर्क यांनी पोलिस बोलावले. सातशेवर अटका झाल्या, डोकी फुटली. त्याचा परिणाम उलटा झाला. जे काठावर होते तेही विरोधात गेले, कर्क ऑगस्टमध्ये पायउतार झाले, व्यायामशाळा तिथे झालीच नाही.

आता दुसरं टोक. शिकागो विद्यापीठ, १९६९ च्या सुरुवातीला. एका समाजशास्त्राच्या प्राध्यापिकेची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही म्हणून पोरं प्रशासनाच्या इमारतीत ठाण मांडून बसली. तिथले अध्यक्ष एडवर्ड लेवी मुळात कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी पोलिस बोलावलेच नाहीत. दोन आठवडे बसू दिलं, ऑफिसं दुसरीकडे हलवली. पोरं कंटाळून उठली. लोक अजून त्यांच्या संयमाचं कौतुक करतात. पण पुढचा भाग कौतुक करणारे सांगत नाहीत: शिस्तभंगाची सुनावणी लावून ४२ जणांना काढून टाकलं, ऐंशीच्या आसपास निलंबित केले. लाठी नाही, रक्त नाही, फोटो नाही. फाइलीवर सगळं झालं.

मला यातलं कोलंबियाचं पुढचं पान जास्त महत्त्वाचं वाटतं. चौकशी समिती बसली, आणि १९६९ ला प्राध्यापक, विद्यार्थी, कर्मचारी सगळ्यांची मिळून सिनेट, म्हणजे विद्यापीठाची सभा, तयार झाली. म्हणजे भांडण झालं त्यातून भांडायची जागा निघाली. पुढे ती जागा किती वापरली गेली हा वेगळा विषय. नाना, मुंबईची सिनेट तर पहिल्यापासून होती ना? मग ती अशा वेळी कुठे असते?

---

गिरगावकर_नाना
तात्या, सिनेट होती, पण कोणाची? आरंभी तिचे सदस्य, त्यांना फेलो म्हणत, म्हणजे सरकारने नेमलेले सन्मान्य गृहस्थ. १९०४ साली कर्झनने कायदा करून सरकारचा हात आणखी घट्ट केला. तरीही फिरोजशहा मेहतांसारखी माणसं तिथे सरकारशी भांडलीच. भांडण मात्र गृहस्थांचं. विद्यार्थी त्या चित्रात नाही.

विद्यार्थी कसा दिसायचा त्याची एक गोष्ट रानड्यांच्या चरित्रांत येते. न्यायमूर्ती रानडे १८६२ च्या पहिल्या बीए तुकडीतले. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला कमी लेखलं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट त्यांचे चाहते, तरी सहा महिने शिष्यवृत्ती बंद! हेच ग्रँट विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. तात्यांचे लेवी वाचून मला तेच आठवलं. प्रेमाने, शांतपणे, फाइलीवर.

वडाळा_ब्रिज, खिडकीच्या आतून लिहिलं हे खरंच आहे, मी आतच होतो. म्हणून तर बाहेरच्यांना लिहा म्हटलं.

---

वकिली_बोरू
सिनेट कुठे असते या तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. सध्याचा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम १२(७). त्याआधी १९९४ च्या कायद्यात हेच कलम १४(७) होतं. आशय असा: तातडीने काही करणं भाग आहे असं मानायला वाजवी कारण असेल, तर कुलगुरूंनी आवश्यक ती कारवाई करावी आणि एरवी ज्या मंडळाने ती केली असती त्याला लवकरात लवकर कळवावं.

कलम चांगलं आहे. दंगल उसळलेली असताना व्यवस्थापन परिषदेची बैठक बोलावून गणपूर्ती मोजत बसता येत नाही. नानांच्या पाकिटांचा प्रश्न सकाळी सात वाजता सोडवायचा तर अधिकार एकाच माणसाकडे हवा. अडचण पुढे आहे. संकटासाठी दिलेली वाट सोयीची आहे हे एकदा कळलं की संकट नसतानाही पाय तिकडेच वळतात. नेमणुका, समित्या, अभ्यासक्रमातले बदल, कशालाही हे कलम लागलेलं दिसतं. कुठल्याही विद्यापीठाची परिपत्रकं चाळा.

मुंबईतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१० चं. रोहिंटन मिस्त्री यांची एक कादंबरी एसवायबीएच्या इंग्रजीला होती. एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी शाखेने ती काढा म्हणून मागणी केली, प्रती जाळल्या. कुलगुरूंनी हाच तातडीचा अधिकार वापरून ती मागे घेतली. अभ्यास मंडळाने विचारपूर्वक लावलेलं पुस्तक एका सहीने गेलं. आता मला सांगा, तातडी कसली होती? तेव्हा शहर पेटलेलं नव्हतं. पेटेल अशी भीती होती, आणि ती भीती घालणारे कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून नाना, तुमच्या मतात एक भर. विद्यापीठाला पेपर होणार की नाही एवढंच कळतं हे खरं, पण पेपरासाठी घडवलेली ही सवय पेपरापुरती राहत नाही.

---

रविवारची_भजी
अवांतर: माझ्या आजीच्या वेळची विल्सन कॉलेजची उषा मेहता. १९४२ ला गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, ऑगस्ट ते नोव्हेंबर, मग पकडल्या गेल्या, तुरुंगात गेल्या. नंतर त्याच विल्सनमध्ये शिकवलं आणि मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र-राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखही झाल्या. आज कोणी विद्यार्थिनीने विनापरवाना रेडिओ चालवला तर तिला पीएचडीला तरी घेतील का, हा माझा भाबडा प्रश्न.

---

खवट_मास्तर
भजीताई, तो रेडिओ इंग्रजांविरुद्ध होता. आपल्यावाल्यांविरुद्ध चालवला असता तर विभागप्रमुख झाल्या असत्या का, हा माझा भाबडा प्रश्न.

---

अनुजा_के
मी सध्या विद्यापीठाच्या कलिना संकुलात संशोधन करते. सगळे १९७४ आणि १९९३ वर बोलताय, पण गेल्या काही वर्षांत जे झालं ते मला जास्त जवळचं आहे, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट निवडणुकांची. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि कॉलेज निवडणुकांमधली गुंडगिरी हा राज्यभराचा विषय झाला. निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या कायद्याने त्यांच्याऐवजी काय आणलं? वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो विद्यार्थी प्रतिनिधी. नानांचा मुद्दा मी यापेक्षा चांगला सिद्ध करू शकत नाही. आमचा प्रतिनिधी कोण, हेही परीक्षा विभागाने ठरवलं!

२०१६ च्या कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, कागदावर. २०१९ ला तारखा ठरल्या, विधानसभेची निवडणूक आहे म्हणून पुढे गेल्या, मग कोविड. पदवीधरांच्या सिनेट निवडणुकीचीही तीच कथा. २०२३ ला अर्ज भरायची वेळ आली आणि स्थगिती. सप्टेंबर २०२४ ला मतदान तोंडावर आलेलं असताना पुन्हा स्थगिती. हायकोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे २४ तारखेला मतदान झालं. कोण जिंकलं हे मला इथे महत्त्वाचं वाटत नाही (दहाही जागा एकाच संघटनेला गेल्या, ते सगळ्यांना माहीत आहे). निवडणूक कधी घ्यायची हे ज्यांच्या हातात, त्यांनाच निवडून आलेली माणसं प्रश्न विचारणार असतात, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, खवट सर, तुम्ही म्हणता अडून बसणारा कुलगुरू गरिबाचा माणूस. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) काय झालं ते बघा. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांची वसतिगृह आणि मेसच्या शुल्कातली सवलत काढली म्हणून संप झाला. तिथे भरडला जाणारा आणि घोषणा देणारा एकच होता. नेत्याला बाप सांभाळतो हे तुमच्या वेळी खरं असेल. आता वर्ग बंद ठेवणारी मुलगी बहुतेक वेळा घरातली पहिली पदवीधर असते आणि तिला सांभाळणारं मागे कोणी नसतं.

तिसरी गोष्ट. आता पोलिस बोलवायची फारशी गरजच पडत नाही. जानेवारी २०२० मध्ये, दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठातल्या हल्ल्यानंतर, आम्ही गेटवे ऑफ इंडियाला रात्रभर बसलो होतो. ७ तारखेला पोलिसांनी उचलून आझाद मैदानात नेलं. ते शहराचे पोलिस, उघड काम. त्याच महिन्यात पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रविरोधी कृतींत भाग घेऊ नका अशी नियमावली आली. पुढे २०२३ ला मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं ठेवण्याला विरोध केला म्हणून दहा हजार दंड, २०२४ ला एका नाटकावरून एक लाख वीस हजारांपर्यंत दंड. तात्यांचे लेवी भारतात येऊन राहिलेत असं वाटतं. हमीपत्र, दंड, फेलोशिपच्या फॉर्मवर सही न होणं. माझ्या ओळखीच्या एकीचा प्रगती अहवाल एका कार्यालयात महिनोन्महिने 'प्रक्रियेत' होता. तिला कोणी काही बोललं नाही. नुसता कागद हलला नाही.

---

चिंचपोकळी_पूर्व
कागद हलला नाही. हे आम्हाला समजतं बाई.

---

खवट_मास्तर
अनुजा, टिसचा मुद्दा मान्य. तिथे माझं वाक्य टिकत नाही. पण गुंडगिरीवर तू एका ओळीत उडी मारलीस. १९८० च्या दशकात निवडणुकीच्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर काय असायचं ते तू पाहिलेलं नाहीस. हॉकी स्टिक खेळण्यासाठी नसायच्या. मुलींचे पालक त्या आठवड्यात मुलींना पाठवत नसत. निवडणुका बंद झाल्या तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले नाहीत एवढंच. आज परत आणायच्या असतील तर आणा, पण त्या दिवसाची जबाबदारी प्राचार्याच्या गळ्यात टाकून मंत्रालय मोकळं होणार असेल, तर कुठलाही प्राचार्य तारीख पुढेच ढकलेल. मीही तेच करीन.

---

वडाळा_ब्रिज
सर, गुंड बाहेरच्या पक्षांनी पाठवले होते ना? मग पक्षांवर बंदी घालायची सोडून मतदानावरच घातली!

---

संपादक
पक्षीय नावं आणि सध्याच्या नेत्यांवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागा विद्यापीठावर राहू द्या.

---

गिरगावकर_नाना
चर्चा रंगली, आनंद आहे. एक राहिलं ते लिहितो, कारण माझ्या मते मुंबई विद्यापीठातला प्रशासनाचा सगळ्यात मोठा भूकंप कुठल्याही मोर्च्याने झालेला नाही.

२०१७. उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायच्या असं ऐन परीक्षेच्या तोंडावर ठरलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी संगणकावर तपासायच्या. घाई झाली, तयारी नव्हती. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती गेली. पोरांचे परदेशातले, लॉचे, एमएचे प्रवेश लटकले. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनीच, कुलगुरूंना पदावरून काढलं. या विद्यापीठात असं पहिल्यांदाच घडलं. संयुक्त महाराष्ट्र झाला, आणीबाणी झाली, दंगली झाल्या, बॉम्बस्फोट झाले, तोवर खुर्ची अशी गेली नव्हती. ती गेली निकालापायी.

आणि त्या वेळी रस्त्यावर कोण होतं? कलिन्याच्या परीक्षा भवनाबाहेर, झेंडे नसलेली, एरवी मोर्च्याला नाकं मुरडणारी पोरं, आईबापांना घेऊन आलेली. कोविडमध्येही तेच. राज्य सरकार म्हणे अंतिम वर्षाची परीक्षा नको, युजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) म्हणे हवीच, आणि २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परीक्षा दिल्याशिवाय पदवी नाही. शहर साथीने बंद पडलेलं आणि वाद कशावर, तर पेपरावर.

वकीलसाहेबांचं १२(७) मला नीट माहीत होतं, कारण परिपत्रकाच्या तळाशी ते हमखास असायचं. मंडळाला कळवलं जातं का, कधी जातं, तिथे कोणी प्रश्न विचारतं का, हे मात्र कॉलेजच्या ऑफिसातून दिसत नाही.

---

अनुजा_के
नाना, मग हेच विचारता येईल ना? माहिती अधिकारात? गेल्या पाच वर्षांत १२(७) खाली किती निर्णय झाले, कशाबद्दल, आणि प्रत्येकाचा अहवाल कुठल्या मंडळासमोर कोणत्या तारखेला ठेवला. आम्ही तिघीचौघी मिळून टाकायच्या विचारात आहोत.

---

वकिली_बोरू
उत्तम. पण 'का' विचारू नकोस, 'का'ला उत्तर देत नाहीत. यादी माग, इतिवृत्ताच्या प्रती माग. आणि व्यक्तीचं नाव घालू नकोस, नाही तर 'खाजगी माहिती' म्हणून परत येईल.

---

न्यूजर्सी_तात्या
उत्तर आलं की इथे टाकशील का? मीही बसून वाचेन.

---

गिरगावकर_नाना
अनुजा, आणखी थोडं ऐक. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज १५० शब्दांच्या आत हवा आणि विषय एकच हवा. तुझ्या प्रश्नात दोन विषय आहेत असं म्हणून परत करतील, म्हणून अहवालाचं वाक्य यादीच्याच वाक्यात गुंफ. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लाव, पोस्टल ऑर्डरच्या भानगडीत पडू नकोस. जन माहिती अधिकारी म्हणून लिही, कुलसचिवांच्या नावे नको. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, आतला माणूस कितीही 'ठेवून जा' म्हणाला तरी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. दुपारी दोननंतर जाऊ नकोस, जेवणानंतर आवक-जावक बंदच असते.

मसुदा इथे टाक. शब्द मी मोजून देतो.